सिगिश्वारा, तुटलेलं चाक आणि कबरस्तानातली झारी

आधी कबुली देऊन टाकते. गडावरच राहायचं हा हट्ट माझा. नवरा म्हणत होता खाली स्टेशनजवळ स्वस्तात मिळतंय, लिफ्टही आहे, पण मला जाड तुळया, फूटभर रुंदीच्या भिंती आणि खिडकीतून घड्याळाचा मनोरा असलं सगळं पाहिजे होतं. ते मिळालं. फक्त खालच्या गावातून वर जायचा जो चढ आहे तो सगळा गोलगरगरीत दगडांनी फरसबंद केलाय आणि त्यावरून तेवीस किलोची चाकाची बॅग ओढायची म्हणजे काय हे मला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे नवऱ्याने सांगितलं होतं, पण ते मोजत नाही. दुसऱ्या वळणावर एक चाक निखळलं आणि गडगडत खाली निघालं. खालून येणाऱ्या एका बाईने ते पायाने अडवलं, उचललं आणि काही न बोलता माझ्या हातात दिलं, जसं काही रोज संध्याकाळी एखादं चाक येतंच तिच्याकडे.

तर सिगिश्वारा. रुमेनियाच्या मधोमध कार्पेथियन डोंगरांच्या वळणात ट्रान्सिल्व्हेनिया आहे, त्यात तर्नाव्हा मारे नावाच्या नदीकाठी हे छोटंसं गाव. आम्ही स्टुटगार्टहून आधी ब्राशोव्हला गेलो (सुंदर, गर्दी, विषय संपला) आणि तिथून ट्रेनने इकडे. सव्वाशे किलोमीटरला अडीच तासांच्या वर लागतात, पण खिडकी उघडी, मक्याची शेतं, गवताच्या गंजी, मला तर कोकण रेल्वेच्या पॅसेंजरची आठवण आली आणि तक्रार करावीशी वाटली नाही.

तक्रार आहे ती ड्रॅक्युलाची. व्लाद त्सेपेश, म्हणजे ज्याच्या बापाच्या 'द्राकुल' या पदवीवरून पुढे ते सगळं रामायण झालं, तो १४३१ च्या सुमारास इथे जन्मला असं मानतात. चौकाजवळचं ते पिवळं घर दाखवतात, आता तिथे रेस्टॉरंट आहे. माझी हरकत घराला नाही. पण गल्लीगल्लीत ड्रॅक्युलाचे मग, ड्रॅक्युलाचे मॅग्नेट, प्लॅस्टिकचे सुळे, रक्ताच्या थेंबाचे टीशर्ट! दोन हजारच्या सुरुवातीला तर इथल्या ब्राइटे नावाच्या पठारावर, जिथे शेकडो वर्षं जुने ओक आहेत, तिथे चक्क ड्रॅक्युला पार्क उभारायचा सरकारी बेत होता. खूप विरोध झाला, ब्रिटनच्या चार्ल्सनेसुद्धा नको म्हटलं, आणि बेत बारगळला. ओक वाचले. सुळे मात्र पंधरा लेईला (लेई म्हणजे इथलं चलन) मिळतात, नवऱ्याने घेतले.

खरं गाव कोणाचं, तर सॅक्सनांचं. बाराव्या शतकात हंगेरीच्या राजाने, दुसऱ्या गेझाने, सरहद्द राखायला जर्मन बोलणारी माणसं बोलावून इथे वसवली. सॅक्सन नुसतं नावाला, बरेचसे आले ते ऱ्हाइन-मोझेल आणि लक्झेंबर्गच्या बाजूचे. त्यामुळे गावाला तीन नावं, रुमेनियनमध्ये सिगिश्वारा, जर्मनमध्ये शेसबुर्ग, हंगेरियनमध्ये शेगेशवार. गडाच्या तटाला चौदा बुरूज होते, त्यातले नऊ आहेत, आणि मला फार आवडलेली गोष्ट म्हणजे एकेक बुरूज एकेका धंद्याच्या मंडळींनी सांभाळायचा. शिंप्यांचा बुरूज, चांभारांचा बुरूज, खाटकांचा, दोरखंड वळणाऱ्यांचा. म्हणजे आपल्याकडे बारा बलुतेदारांना एकेक बुरूज वाटून दिला आणि सांगितलं शत्रू आला की आपापला बघा, तसं काहीसं. १९९९ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, पण म्युझियम झालेलं नाही, वाळत घातलेल्या चादरी दिसतात, एका खिडकीत कोणीतरी कांदा परतत होतं.

घड्याळाचा मनोरा ६४ मीटर उंच. १६७६ च्या आगीत गावाचा मोठा भाग जळला, मनोऱ्यात साठवलेल्या दारूगोळ्याचाही स्फोट झाला, मग छप्पर नव्याने बांधलं. खालच्या गावाकडच्या बाजूला वारांच्या सात लाकडी बाहुल्या आहेत, रात्री बारा वाजता वार बदलला की बाहुली बदलते. ते बघायला जागायचं ठरवलं आणि साडेदहाला झोपलो. आतल्या म्युझियममध्ये हर्मान ओबर्थची माहिती आहे, रॉकेटवाला ओबर्थ, त्याचं बालपण याच गावात गेलं. नवरा तिथे पाऊण तास होता. मी बाहेर बसून प्रेट्झेलसारखा दिसणारा कोव्रिग खाल्ला.

आणि मग जिना. टेकडीवर शाळा आणि चर्च, तिथे जायला १६४२ साली पूर्ण लाकडी छप्पर घातलेला जिना बांधला, का, तर पोरांना बर्फात शाळेत जाता यावं म्हणून. तेव्हा ३०० पायऱ्या होत्या, आता १७५. मला लगेच वाटलं पर्वतीच्या पायऱ्यांना असं छप्पर घातलं असतं तर मी शाळेत असताना एवढी बोंब मारली नसती. आत अंधार, फळ्यांच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या, जुन्या लाकडाचा वास. मध्ये मध्ये सपाट टप्पे आहेत, प्रत्येक टप्प्यावर मी फोटो काढायच्या निमित्ताने दम खाल्ला.

वर चर्च बघितलं आणि नवरा म्हणाला भूक लागली, तो खाली गेला. मी सहज चर्चमागच्या कबरस्तानात शिरले. उतारावर, झाडांखाली, आयव्ही चढलेली थडगी, सगळ्यांवर जर्मन नावं. शेकडो. आणि एक माणूस नव्हता. म्हणजे एक होता, सत्तरीच्या आसपासचे आजोबा, गुडघ्याखाली उशी घेऊन बसलेले आणि जुन्या टूथब्रशने दगडावरच्या अक्षरांतलं शेवाळ घासत होते. एकेक अक्षर. शेजारी हिरवी प्लॅस्टिकची झारी.

मी गुटेन टाग म्हटलं. ते काहीतरी बोलले ते मला अजिबात कळलं नाही, सात वर्षं जर्मनीत काढून! मग हसून साध्या जर्मनमध्ये म्हणाले, सॉरी, इथे आलं की तोंडात घरची बोली येते. कुठून आलात विचारलं, मी स्टुटगार्ट म्हटलं. पुढचा प्रश्न मला पाठ आहे, नाही पण खरं कुठून, आणि त्याचा मला राग येतो. त्यांनी तो विचारला नाही. म्हणाले, अरे मग शेजारी, मी हाइलब्रॉनजवळ राहतो. मग मीच विचारलं, पण खरं कुठून? त्यांनी टूथब्रशने खाली शिंप्यांच्या बुरुजाच्या दिशेने दाखवलं.

पुढचा तास आम्ही बोलत होतो, मध्ये मध्ये मी खालच्या नळावरून झारी भरून आणत होते कारण त्यांचा गुडघा. दगडावर त्यांच्या आईचं नाव होतं. १९४५ च्या जानेवारीत इथल्या जर्मन पुरुषांना आणि तरुण बायकांना सोव्हिएत युनियनमध्ये मजुरीला नेलं, आई तेव्हा एकोणीस वर्षांची, कोळशाच्या खाणीत, परत आली पण खाणीबद्दल कधी एक शब्द बोलली नाही. पुढे रुमेनियाचा हुकूमशहा चाउशेस्कू याच्या काळात पश्चिम जर्मनी डोक्यामागे पैसे मोजून माणसं सोडवून न्यायची, यांचा नंबर लागला नाही. मग १९८९ साली चाउशेस्कू गेला, दारं उघडली आणि १९९० च्या एका वर्षात रुमेनियातून लाखाच्या वर जर्मन निघून गेले. हेही. दोन सुटकेसा, बायको, मुलगी. "घर विकलं," म्हणाले, "हे कसं विकणार?"

दर ऑगस्टला दोन आठवडे येतात. त्यांच्यासारख्यांना नावच आहे, जोमरझाक्सन, उन्हाळी सॅक्सन. मी एवढी जोरात हसले की त्यांना वाटलं काहीतरी चुकलं. मग त्यांना चाकरमानी समजावून सांगितले, माझ्या त्या जर्मनमध्ये! आमचं राजापूरजवळचं घर वर्षभर कुलपात, गणपतीला दहा दिवस उघडतं, गावात आम्ही मुंबईवाले आणि मुंबईत आम्ही कोकणातले. ते ऐकत राहिले. म्हणाले, हाइलब्रॉनमध्ये मी अजून रुमेनियन आहे. आणि घासायला लागले.

तिसऱ्यांदा झारी भरून आणली तर ते पलीकडच्या थडग्यापाशी सरकलेले. आडनाव वेगळं होतं. मी विचारलं हे कोण. "शेजारी. ते या वर्षी आले नाहीत." त्यांनी झारी घेतली आणि तिथल्या बेगोनियांना पाणी घातलं.

खाली आले तर नवऱ्याने चोर्बा संपवलेला (हो, आपला शोरबाच, तुर्कांमार्फत इथे पोचला) आणि पुढ्यात दोन गरमगरम गोळे, चीजचे, तळलेले, वर आंबट साय आणि मोरंबा. नाव पापानाश. "तू वर थडगी बघत बस," म्हणाला, "माझा इथे पापनाश झाला." अर्धा मला दिला. अप्रतिम. रुमेनियात गेलात आणि दुसरं काही केलं नाही तरी चालेल पण हे खा.

पुढचे दोन दिवस जवळच्या ब्येर्तान गावातलं चर्च, पाऊस, आणि चाक बसवून देणारा कोणी मिळतोय का ते शोधणं. नाही मिळाला. बॅग उचलून गड उतरलो.

परतीच्या ट्रेनमधून डोंबिवलीला काकाला फोन लावला. तो म्हणाला, अगं बरं झालं केलास, परवाच्या वाऱ्याने आपल्या मागच्या पडवीची कौलं उडाली, पण शेजारच्या माईने पोरांना चढवून निळं प्लॅस्टिक टाकून घेतलंय, पैसे विचारले तर नको म्हणाली, तू येशील तेव्हा जर्मनीहून चॉकलेटं आण म्हणाली.