तुम्ही विचारलंत म्हणून: वाकड्या मानेची तांबडी

"ती वाकड्या मानेची अजून कशाला ठेवलीय? कापायची नाही का?" भावकीतलं कुणी आलं की चहाच्या आधी माझ्या तांबड्या कोंबडीबद्दल हा प्रश्न येतो. डेअरीवर दूध घालायला गेलं तरी तेच. आजवर "राहू दे, बसलीय कोपऱ्यात" म्हणून मी टाळत आले. आज नीट सांगते.

कापा म्हणणाऱ्यांना मी एक उत्तर देत असे. मानमोडीतून, म्हणजे कोंबड्यांची मान वळवणाऱ्या रोगातून उठलेलं, औषधं पोटात गेलेलं पाखरू मी कुणाच्या ताटात वाढणार नाही. उत्तर खोटं नव्हतं. पण औषध थांबून आता चार महिने झाले, आणि तांबडी अजून माझ्याकडे आहे. म्हणजे कारण ते नाही.

कारण काळी आहे. काळी आणि तांबडी एकाच खुडूक कोंबडीखाली निघालेल्या बहिणी. माघात रोग आला तेव्हा माझ्याकडे चौदा पाखरं होती. पंख पाडून उभी राहायची, हिरवं हगायची, चोच उघडून श्वास ओढायची. चार दिवसांत दहा गेली. खड्डा खणून चुना टाकून पुरली. उरला कोंबडा, एक तलंग म्हणजे कोवळी कोंबडी, आणि या दोघी. आठवड्यानं दोघींच्याही माना वळायला लागल्या. डोकं उलटं होऊन पाठीला टेकायचं, एक डोळा आभाळाकडे.

काळीनं दोन दिवस पाणी घेतलं नव्हतं. संध्याकाळी मी पाणी कोमट केलं, पोराच्या औषधाची पिचकारी घेतली, तिला मांडीवर धरलं. चोच उघडली आणि पाणी जोरात आत सोडलं. पोटात जावं म्हणून जोर. जिभेच्या मुळाशी श्वासाचं भोक असतं, श्वासागणिक उघडतं-मिटतं, हे मला ठाऊक नव्हतं. कोंबड्या पाळून वीस वर्षं झाली होती आणि एकदाही चोच उघडून आत बघितलं नव्हतं. तिच्या गळ्यात घुरघुर झाली. तिनं मान झटकली, नाकाच्या भोकावर एक बुडबुडा आला, फुटला, दुसरा आला. पाय ताणले. नखं माझ्या साडीत अडकली ती मला एकेक करून सोडवावी लागली. पिचकारीत अजून अर्धं पाणी होतं.

घरात सगळे म्हणाले, रोगानंच गेली. मीही तेच सांगत राहिले. आज पहिल्यांदा लिहितेय की रोगानं नाही, माझ्या हातानं गेली. तशीही गेली असती, असं मन म्हणतं. मग तांबडी कशी राहिली? त्याच रोगातली, तशाच मानेची.

दुसऱ्या दिवशी तांबडीला डालग्यात घालून गुरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी चोचीच्या कडेला एक थेंब सोडून दाखवला. ती गिळेपर्यंत थांबायचं, मग दुसरा. त्यांनी हेही सांगितलं, की मान वळली म्हणजे मानमोडीच असं नसतं. ई किंवा बी-१ जीवनसत्त्व कमी पडलं, डोक्याला मार बसला, तरी वळते, आणि त्यातली काही सरळ होतात. आमच्याकडे दहा मेली होती, तेव्हा शंकेला जागा नव्हती. या विषाणूवर औषध नाही. मज्जातंतूंना इजा झालेली असते. औषध द्यायचं ते दुसरं काही जडू नये म्हणून.

लस का नव्हती, हेही विचारता. विचारा. रोग काही नवा नाही. १९२७-२८ च्या सुमारास कुमाऊँच्या डोंगरांतल्या राणीखेतला आपल्याकडे तो ओळखला गेला, म्हणून त्याला राणीखेत म्हणतात. आठव्या आठवड्याला टोचतात ती लसही त्याच डोंगरांतल्या मुक्तेश्वरच्या पशुवैद्यक संस्थेत तयार झाली. त्याआधी पहिल्या आठवड्यात डोळ्यात लासोटा लसीचा थेंब. मला सगळं माहीत होतं. पण बाटली शंभर पाखरांची, बर्फातून आणायची, मिसळली की तासा-दोन तासांत संपवायची. चौदा पाखरांसाठी कोण आणणार, असं मी म्हणत असे. आता मीच तेव्हाच्या मला विचारते, वाडीवर घरटी दहा-बारा कोंबड्या आहेत, आठ घरं फिरायला किती वेळ लागला असता? उत्तर नाही.

तांबडीला गोठ्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवली. उजेड आणि आवाज झाला की मान जास्त वळते. दिवसातून चार वेळा ज्वारीच्या पिठाच्या हरभऱ्याएवढ्या गोळ्या, त्यात उकडलेल्या अंड्याचा बलक. रात्री गळ्याखालची पिशवी चाचपायची, भरली की नाही ते बघायला. ताटलीत दाणे टाकले की ती चोच मारायची दोन बोटं बाजूला, ठक् करून जमिनीवर. पुन्हा तिथंच. मला बघवायचं नाही. विसाव्या दिवशी सुचलं, खोल वाटी काठोकाठ भरून ठेवली. चोच कुठंही पडली तरी खाली दाणा. त्या दिवशी ती स्वतःच्या चोचीनं जेवली.

बरी झालेली पाखरंही काही काळ रोग पसरवतात, म्हणून नवी पिल्लं आणली नाहीत. त्यावरून घरात बोलणी खाल्ली, आणि ती चुकीची नव्हती. अंड्याचा पैसा बुडाला. तांबडी वेगळीच असते, कारण कोंबडा तिला टोचतो. कळपाशिवाय कोंबडीचं जगणं हे काय जगणं, असं जाऊबाई म्हणाल्या तेव्हा मी चिडले. रात्री झोप आली नाही. हे तिच्यासाठी करतेय की काळीसाठी, की माझ्यासाठी?

झोपली की तिची मान अगदी सरळ होते. बघणाऱ्याला कळायचंही नाही. पहाटे कोंबडा आरवला की दचकते आणि मान पुन्हा वळते. दिवाळीनंतर पिल्लं आणायची म्हणतेय, लस टोचून. तेव्हा तांबडीचं काय करायचं ते ठरलेलं नाही. वाटी रोज भरते.