डिस्क 2 टक्के भरलेली, तरी 'जागा नाही'

नागपूरजवळच्या वाडीतल्या एका गोदामाच्या वजनकाट्यावरून सकाळी फोन आला. "भाऊ, डिस्क तं खालीच दिसून राहिली, मग पावत्या सेव काऊन नाही होऊन राहिल्या?" तिथल्या लिनक्स मशीनवर दर ट्रकची पावती आणि फोटो 4 टीबीच्या डिस्कवर जातात. डिस्क किती भरली ते दाखवणारं 'डीएफ' चालवलं तर डिस्क जेमतेम 2 टक्के भरलेली. पण रिकामी फाइल बनवायला गेलं तरी 'जागा शिल्लक नाही' हेच उत्तर. मग 'डीएफ -आय' लावलं. आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलीची डिस्कवरची नोंद, 100 टक्के संपलेले.

इथली फाइल सिस्टीम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) ईएक्सटी4. तिच्यात प्रत्येक फाइलीला एक आयनोड लागतो आणि त्यांची संख्या फॉरमॅटच्या वेळीच ठरते. फाइल सिस्टीमची माहिती देणाऱ्या 'ट्यून2एफएस -एल'ने आकडा दाखवला, साधारण साडेनऊ लाख. म्हणजे आधी कोणीतरी 'मोठी डिस्क, मोठ्या फाइली' असं समजून 'लार्जफाइल4' हा प्रकार दिला होता. त्यात दर 4 एमबीमागे एकच आयनोड मिळतो. व्हिडिओसाठी ठीक, पण इथली फाइल सरासरी 60 केबीची, दिवसाला हजारभर. अडीच वर्षांत सगळे आयनोड खलास, आणि डेटा मोजला तर 57 जीबीच्या आसपास! नुसते आयनोड वाढवायची सोय नाही. दुसऱ्या डिस्कवर नव्याने फाइल सिस्टीम करून सगळं हलवणं, एवढाच मार्ग.

तशीच नवी डिस्क लावली आणि मशीन बूटच होईना. दीड मिनिट थांबून थेट इमर्जन्सी मोडमध्ये. बूट होताना कोणती डिस्क जोडायची ते सांगणाऱ्या 'एफस्टॅब' फाइलीत यूयूआयडी या कायमच्या ओळख क्रमांकाऐवजी 'एसडीबी1' हे लिनक्सने दिलेलं नाव लिहिलेलं, आणि नवी डिस्क एसडीबी होऊन जुनी एसडीसी झालेली. ही नावं कायमची नसतात, केबल बदलली तरी फिरतात. ती ओळ तात्पुरती बंद करून पुढे गेलो.

दोन्ही डिस्क एकाच मॉडेलच्या, एकाच आकाराच्या. खरा धोका इथेच, चुकून जुनीच फॉरमॅट व्हायची. म्हणून डिस्कची यादी देणाऱ्या 'एलएसबीएलके'मध्ये सीरियल नंबरचा रकाना मागवला आणि डिस्कवरच्या स्टिकरचे शेवटचे चार आकडे त्याच्याशी जुळवले. शिवाय 'वाइपएफएस' नुसतं चालवलं की डिस्कवरच्या जुन्या खुणा फक्त दिसतात, पुसल्या जात नाहीत. नव्या डिस्कवर काहीच निघालं नाही. फाइल सिस्टीम बनवणाऱ्या 'एमकेएफएस'ला जुनी फाइल सिस्टीम आढळली तर ते 'तरीही पुढे जायचं?' विचारतं. घाईत तिथे वाय दाबणारे पाहिलेत, म्हणून त्या प्रश्नावर माझा भरवसा नाही.

विभाजनासाठी 'पार्टेड': जीपीटी तक्ता (डिस्कवरच्या विभागांची नोंद), सुरुवात 1 एमआयबीवर, शेवट 100 टक्के. 512 बाइटच्या सेक्टरवर जुना एमबीआर तक्ता 2 टीआयबीपुढे (सुमारे 2.2 टीबी) जात नाही, म्हणून जीपीटी. विभाजनाच्याच 'एफडिस्क'मध्ये डब्ल्यू दाबेपर्यंत काही लिहिलं जात नाही, 'पार्टेड' मात्र लगेच लिहितं. आणि त्यात 'ईएक्सटी4' म्हटलं तरी फाइल सिस्टीम बनत नाही, ती वेगळीच करावी लागते.

आता 'एमकेएफएस'. नेहमीचं प्रमाण दर 16384 बाइटला एक आयनोड. 4 टीबीवर ते 24 कोटींच्या वर जातात, आणि 256 बाइटचा एक धरला तर नुसता तक्ताच 62 जीबी खातो. 60 केबीच्या फाइलींना तेवढ्यांची गरज नाही. हे प्रमाण ठरवणाऱ्या 'आय' पर्यायाला 32768 दिलं: 12 कोटी आयनोड, 31 जीबी. राखीव जागेचे टक्के ठरवणाऱ्या 'एम'ला 1 दिलं, नाहीतर रूटसाठी (मुख्य प्रशासक खात्यासाठी) 5 टक्के, म्हणजे 200 जीबी, अडकून पडतात. एक्सएफएस (दुसरी एक फाइल सिस्टीम) आयनोड लागतील तसे बनवतं, तिथे हा घोळ झालाच नसता. पण ते लहान करता येत नाही, आणि इथे पुढे विभाजन कापायचं आहे.

डिस्कचं लेबल (नाव) 'नागपूर' हवं, असा मालकांचा आग्रह. ईएक्सटी4 लेबलला 16 बाइट देतं. देवनागरीचं एक चिन्ह 3 बाइटचं, काना-मात्राही वेगळ्या मोजायच्या, म्हणजे 'नागपूर'चे 18. 'वाडी' 12 मध्ये बसतं, पण साध्या कन्सोलवर नुसते चौकोन दिसले असते. शेवटी रोमनमध्ये 'काटा'.

जुनी डिस्क रीड-ओन्ली माउंट करून (फक्त वाचण्यापुरती जोडून) कॉपी करायला 'आरसिंक' लावलं. लहान फाइलींचा ढीग, चार तास लागले. 'एफस्टॅब'मध्ये यूयूआयडी आणि 'नोफेल' टाकलं, म्हणजे डिस्क सापडली नाही तरी बूट अडणार नाही. 'डीएफ -आय' आता 1 टक्का.

कॉपी संपल्यावरही डिस्कचा लाइट लुकलुकत होता. "भाऊ, आता हे काय करून राहिलं?" ईएक्सटी4 फॉरमॅट लवकर उरकतं आणि आयनोडचा तक्ता माउंटनंतर मागे बसून शून्यं लिहून भरतं. 31 जीबी लिहायचे होते, चालू दिलं.