समुद्रकाठी जुनी निंजा घेताना

रत्नागिरीत राहून जुनी स्पोर्ट बाइक घ्यायची, तर मीटरवरच्या किलोमीटरआधी तिने पावसाळे कुठे काढले ते विचारा. मला कावासाकी निंजा ६५० हवी होती. ६४९ सीसी, दोन सिलिंडर, आंबा घाटात सारखे गिअर न पाडता ओढणारी. नवी घेणं आवाक्याबाहेर होतं.

पहिली पाहिली ती मिऱ्याला. घर समुद्राला लागून, गाडी पडवीत झाकलेली. फारशी न चाललेली, रंग नव्यासारखा. सोबत आमचे मिस्त्री होते. फेअरिंगकडे, म्हणजे बाहेरच्या प्लास्टिकच्या आवरणाकडे, त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. खाली बसून पुढच्या फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या सस्पेन्शनच्या) चकचकीत पाइपवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "तुम्ही पण बघा." नख जागोजाग अडकत होतं. खाऱ्या हवेने पाइपला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पाडले होते. असा पाइप वरखाली होताना ऑइल सील फाडतो आणि गळलेलं तेल थेट ब्रेकवर येऊ शकतं. नुसतं सील बदलून भागत नाही. रेडिएटरच्या जाळीवर पांढरी पूड, वायरिंगचे कनेक्टर हिरवे पडलेले. उभ्या गाडीला खारा वारा जास्त खातो, हे तिथे डोळ्यांनी पाहिलं.

दुसरी चिपळूणची, किंमत मोहात पाडणारी. गाडी २०२१ च्या महापुराआधीची, म्हणून मालकांना सरळच विचारलं. "पाणी फक्त चाकांना लागलं होतं," ते म्हणाले. सीट काढली तर फ्यूज बॉक्सच्या खाचेत वाळलेला बारीक गाळ, एअर फिल्टरच्या डब्यातही तोच. त्या २२ जुलैला वाशिष्ठीने चिपळूणकरांचं काय काय नेलं हे मला माहीत आहे, त्याचं वाईटही वाटतं. पण बुडालेली गाडी न सांगता विकणं मला मान्य नाही. एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक) असलेल्या गाडीत ते पाणी वर्षांनंतरही त्रास देऊ शकतं.

मित्र म्हणत होते, गोव्याची घे, स्वस्त पडते. पण ती कायमची इकडे आणायची तर तिथली एनओसी, इथला रोड टॅक्स आणि नवा नंबर. हिशेब जमेना.

शेवटी कणकवलीची मिळाली, एमएच ०७. समुद्रापासून आत, सर्व्हिसची बिलं जपून ठेवलेली. मालकांना आदल्या दिवशीच सांगितलं होतं, "दादा, मी येईपर्यंत सुरू करू नका." इंजिन थंड असतानाच खरा आवाज कळतो. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून ते जिथे अडतं ते स्टॉपर पाहिले. जोरात आपटलेल्या गाडीत ते बरेचदा चेपलेले असतात, इथे शाबूत होते. फोर्कवर नख सरळ सरकलं. टायरची नक्षी भरपूर होती, पण बाजूवर छापलेले चार अंक वाचले (पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे) तेव्हा रबर म्हातारं निघालं. नव्या टायरचे पैसे किमतीतून वळते केले, दादांनीही खळखळ केली नाही.

कागदांचं मात्र जिवावर आलं. कर्ज फिटलं होतं, पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन तो उतरेपर्यंत मी टोकनपलीकडे एक पैसा दिला नाही, आणि तुम्हीही देऊ नका. मग ई-चलानची थकबाकी भरून घेतली. जिल्हा बदलतोय म्हणून फॉर्म २८ ची एनओसी आणि हस्तांतराचे फॉर्म २९ आणि ३०. राज्य एकच असल्याने नंबर तोच राहिला. चॅसी नंबरवर कागद धरून पेन्सिलीने ठसा घेतला, तेव्हा प्रत्येक अंक आरसीशी ताडून पाहिला.

विमा नावावर करायला १४ दिवस असतात. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जुन्या मालकाचाच राहतो, तो गाडीसोबत येत नाही. त्यामुळे फरकाची रक्कम भरावी लागली, ती बजेटमध्ये आधीच धरा.

आता किनाऱ्याच्या रस्त्याने फिरून आलं की गोड्या पाण्याने हलक्या हाताने धुतो, पुसतो, चेनला ल्यूब देतो आणि फोर्कच्या पाइपवरून तेलाचं फडकं फिरवतो.