केनियातला मुक्काम: खोलीच्या आधी गेट बघा

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चौघं केनियाला जाऊन आलो. मी, नवरा, अकरा वर्षांचा मुलगा आणि चौसष्ट वर्षांच्या सासूबाई. सात रात्रींपैकी दोन अँबोसेली राष्ट्रीय उद्यानात, एक नैवाशा तळ्याकाठी, दोन मासाई मारा या राखीव जंगलाच्या हद्दीबाहेरच्या स्वस्त कॅम्पात आणि शेवटच्या दोन माराला लागून असलेल्या एका कन्झर्व्हन्सीत, म्हणजे स्थानिक मासाई कुटुंबांच्या मालकीच्या जंगलात, काढल्या. सगळीकडे महागडं राहणं परवडणारं नव्हतं, म्हणून कुठे हात आखडायचा आणि कुठे सैल सोडायचा यावर घरात महिनाभर खल झाला. त्यातलं काही बरोबर ठरलं, काही चुकलं. पुढे जाणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून लिहिते आहे.

आधी तारखांचं, कारण लॉजचा दर त्यावरच ठरतो. आपल्या शाळांना सुट्टी मे महिन्यात, आणि केनियात मोठा पाऊस मार्च ते मे. तेव्हा दर उतरतात, पण काही कॅम्प बंद असतात आणि मारातली काळी माती, थेट आपल्या रेगूरसारखी, गाडीची चाकं गिळते. दिवाळीत हवा बरी असते, पण जुलै ते डिसेंबर मारा राखीव क्षेत्राचं प्रवेशशुल्क परदेशी प्रौढाला दिवसाला २०० डॉलर, जानेवारी ते जून १००. नऊ ते सतरा वर्षांच्या मुलांना ५०. म्हणजे आम्हा चौघांचे जूनमध्ये दिवसाला ३५० डॉलर झाले, दिवाळीत ६५० झाले असते. शाळा सुरू व्हायच्या आधीचे जूनचे हे आठ-दहा दिवस म्हणूनच सोयीचे. गवत उंच होतं आणि वाइल्डबीस्ट या मोठ्या आफ्रिकी हरणांचे ते प्रचंड कळप नव्हते. ज्यांना मारा नदी ओलांडणारे कळपच बघायचे आहेत त्यांनी जुलै ते ऑक्टोबरच धरावा आणि खर्चाची तयारी ठेवावी.

आता आमची चूक. माराचं तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा असं बारा तासांचं असतं. आम्ही तंबूचे फोटो बघितले, पलंगावरची मच्छरदाणी बघितली, माणशी रात्रीचे साधारण ८० डॉलर जेवणासकट हे बघितलं आणि पैसे भरले. गेट पाच मिनिटांवर असं लिहिलं होतं. प्रत्यक्षात खड्ड्यांच्या रस्त्याने चाळीस मिनिटं लागली, वर गेटवर रांग. पहिल्या सकाळी आत शिरलो तेव्हा सव्वासात वाजून गेले होते. सिंह, चित्ते हिंडतात ती पहाटेची थंड वेळ आम्ही रस्त्यावर घालवली, आणि संध्याकाळी सहाच्या आत बाहेर पडायचं म्हणून पाच वाजताच परतीला लागलो. ३५० डॉलरच्या दिवसातले सव्वादोन तास तरी गेले. तंबूवर जे वाचवलं ते असं हातचं निसटलं.

म्हणून बुकिंगच्या आधी लॉजवाल्यांना एकच प्रश्न लेखी विचारा: कुठल्या गेटने, किती मिनिटांत, आणि सकाळी सहाला आम्ही गेटवर असू का? मग नकाशावर स्वतः पडताळून बघा. सेकेनानी आणि तालेक या गेटांजवळ परवडणारे कॅम्प पुष्कळ आहेत आणि त्यातले काही खरोखरच गेटला खेटून आहेत. कीकोरोक किंवा मारा सेरेना यांसारखी लॉज हद्दीच्या आतच आहेत. दर जास्त, पण सहाला बाहेर पडलात की पहिल्या मिनिटापासून जंगलात. आत राहणार असाल तर शेवटच्या दिवशी सकाळी दहाच्या आत बाहेर पडा, नाहीतर आणखी एका दिवसाचं शुल्क बसतं.

त्या स्वस्त कॅम्पाबद्दल चांगलंही सांगायला हवं. स्वयंपाकी जिवाला जीव देणारा माणूस होता. आम्ही मांसाहार करत नाही म्हटल्यावर त्याने चपात्या लाटल्या (तिथेही त्यांना चपातीच म्हणतात) आणि न्देंगू केलं. न्देंगू म्हणजे हिरव्या मुगाची पातळ उसळ. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, ‘‘अगं, ही तर आपलीच उसळ!’’ त्यानंतर घरून आणलेल्या चटणीचा डबा त्यांनी त्यालाच देऊन टाकला. जनरेटर संध्याकाळी सहा ते दहा, मोबाइल आणि कॅमेरा चार्ज करायचे ते जेवणाच्या खोलीत. सॉकेट तीन चौकोनी पिनांचं, तेव्हा अडॅप्टर न्या, सोबत एक पॉवर बँकही.

अँबोसेलीत आम्ही उद्यानाच्या आतलं मधल्या दराचं लॉज घेतलं होतं आणि तिथे पैसा वसूल झाला. ५,८९५ मीटरचा किलिमांजारो आहे टांझानियात, पण दिसतो इथून. दिवसभर ढगात असतो, पहाटे आणि सूर्यास्ताला उघडतो. आत राहिल्यामुळे दोन्ही वेळा आम्ही जागेवर होतो. पण खोल्या लांबलांब असतात. सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे मी जेवणघराजवळची, पायऱ्या नसलेली खोली आधीच मागून घेतली होती. ज्येष्ठांना नेणाऱ्यांनी हे नक्की करा. लँड क्रूझरची पायरीही उंच असते, ड्रायव्हरकडे छोटा स्टूल मागा, आणि ज्येष्ठांना मागच्या सीटवर बसवू नका, सगळे धक्के तिथेच बसतात. तंबूत किंवा खोलीत खाऊ ठेवू नका. शेजारच्यांच्या खिडकीतून माकडाने बिस्किटांचा अख्खा पुडा पळवला.

आणि आता कन्झर्व्हन्सी. मारा नॉर्थ, ओलारे मोटोरोगी, नाबोइशो अशा या जमिनी मासाई कुटुंबांच्या मालकीच्या आहेत. कॅम्पवाले त्यांना दरमहा भाडं देतात, आणि मोजकेच तंबू, मोजक्याच गाड्या असा नियम पाळतात. राखीव क्षेत्रात एका चित्त्याभोवती आम्ही चौदा गाड्या मोजल्या. त्या चित्त्याला उठून जायला वाट नव्हती, आणि त्या गर्दीत आमचीही गाडी होती हे मला फार लागलं. कन्झर्व्हन्सीत दुसऱ्या संध्याकाळी एका झुडपाखाली सिंहीण आणि तिचे तीन छावे होते. आमच्याखेरीज एकच गाडी. गाइडने इंजिन बंद केलं. इतकी शांतता झाली की छाव्यांचा दूध पिण्याचा चुटूचुटू आवाज ऐकू येत होता. मुलाने माझा हात घट्ट धरला होता. पाऊण तास कुणी बोललं नाही. मग अंधारात, लाल दिव्याच्या उजेडात परत आलो, कारण राखीव क्षेत्रात मनाई असलेली रात्रीची फेरी इथे करता येते.

हे स्वस्त नाही. जूनमध्येही माणशी रात्रीचे ५०० डॉलरच्या घरात पडले, पण त्यात जेवण, उघडी जीप, गाइड आणि कन्झर्व्हन्सीचं शुल्क सगळं धरलेलं होतं. दर तुलना करताना हेच चुकतं. ८० डॉलरच्या तंबूवर गाडीचे दिवसाला दोन-अडीचशे आणि प्रवेशशुल्क चढवा, मग शेजारी ठेवून बघा. आम्ही पुन्हा गेलो तर मारात चार रात्रींऐवजी तीनच राहू आणि त्यातल्या दोन इथे. मुलाचं वय मात्र आधी कळवा. लहान मुलांना काही कॅम्प घेत नाहीत, आणि पायी फेरीला आमच्या मुलाला नेलं नाही.

या कॅम्पांना कुंपण नसतं. अंधार पडल्यावर भाला आणि टॉर्च घेतलेल्या मासाई रखवालदाराशिवाय तंबूबाहेर पाऊल टाकायचं नाही. मारा दीड हजार मीटरहून उंचावर आहे, रात्री चांगलीच थंडी पडते. अंथरुणात गरम पाण्याची पिशवी ठेवतात, ते सोबतच्यांना आधी सांगून ठेवा. पहिल्या रात्री पायाला काहीतरी ऊबदार लागल्यावर सासूबाई किंचाळल्याच होत्या.

नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने जाणार असाल तर माणशी १५ किलो आणि मऊ पिशवीच चालते. प्लास्टिकच्या पिशव्या केनियात २०१७पासून बंद आहेत, घरूनच कापडी न्या. व्हिसाऐवजी आता ऑनलाइन ईटीए, म्हणजे इलेक्ट्रॉनिक प्रवास परवानगी, काढावी लागते. आणि पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी, मान्यताप्राप्त केंद्रातच घ्या. साठीच्या पुढच्यांना ती सरसकट देत नाहीत, म्हणून लॉजचे पैसे भरण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्या. आम्ही सासूबाईंची तपासणी झाल्यावरच बुकिंग केलं. लस घेतल्याच्या दाखल्याचं पिवळं कार्ड पासपोर्टलाच जोडून ठेवा, मुंबईत परत उतरल्यावर तेच मागतात.