आमची वाटचाल : कौलं, ओल आणि विकायला काढलेलं एक घर

आम्ही रंगकाम घेत नाही. हे आधीच लिहून ठेवतो, कारण फोन येतो तो बहुधा "भिंतीला जरा पोपडे धरलेत, एक हात मारून द्या" असाच. हात मारून देणारे दापोलीत पुष्कळ आहेत. आम्ही कौलं परततो, म्हणजे उतरवून पुन्हा नीट लावतो, पन्हळी बदलतो, कुजलेले वासे आणि भाल (छपराचा भार पेलणारी तुळई) काढून नवे चढवतो, ओल कुठून येते ते शोधतो आणि ती वाट बंद करतो. मुरुड, हर्णै, आंजर्ले, केळशी या पट्ट्यात ज्यांची जुनी घरं आहेत त्यांना आमचं नाव माहीत आहे. काहींना ते वाईट कारणाने माहीत आहे. ते कारण खोटं आहे, आणि खरं सांगायचं तर त्यासाठीच लिहायला बसलो.

१९९९ साली सुरुवात केली तेव्हा आम्ही दोघंच होतो, मी आणि सुतारकामाचे तात्या. तात्या माझ्या वडिलांच्या वयाचे. पैसा माझा, हत्यारं त्यांची. वाकस, पटाशा, तीन तऱ्हेचे रंधे, गुण्या आणि आज्यापासून चालत आलेला पितळी ओळंबा. ओळंब्याला हात लावायचा तर त्यांना विचारून. कौल उतरवलं की ते आधी उलटं करून शिक्का बघायचे. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. त्या शिक्क्याचं कौल हाती लागलं की तात्या ते वेगळं ठेवत आणि काम संपताना ओटीवरच्या पाखीला (छपराच्या उतरणीला), मालकाच्या नजरेसमोर लावत. मालकाला त्यातलं काही कळत नसे. तात्यांना त्याची फिकीर नव्हती.

लाकूड तपासायचं ते कानाने. पटाशीच्या मुठीने भाल ठोकत जायचं; टणक आवाज आला तर पुढे, बोदा आला तर खडूची खूण. पुढे मी दोन टोच्यांचा मॉइश्चर मीटर आणला. लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, त्याखाली लाकूड कुजत नाही, असं त्यांना समजावलं. त्यांनी आधी ठोकून खूण केली, मग मला मीटर लावायला सांगितला. सव्वीस आले. "मग तुझ्या डबीने नवीन काय सांगितलं?" म्हणाले. तरी लाकडापुरता मीटर बरा. चिऱ्याच्या भिंतीला मात्र तो लावू नये, समुद्राकाठी तर नाहीच. भिंतीत लोणा असतो, मिठातून वीज जास्त वाहते, आणि आकडा आहे त्याहून मोठा दिसतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

नंतरची वीस वर्षं काम मिळत गेलं. चाकरमानी गणपतीला यायचे, गळती दाखवायचे, आम्ही उन्हाळ्यात दुरुस्त करायचो. माणसं वाढली, एक पिकअप घेतली. लिहिण्यासारखं विशेष काही नाही.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. दापोली-मंडणगडची काय दशा झाली ते इथल्या माणसाला सांगायला नको. माड-पोफळी आडव्या, वीज कितीतरी दिवस नाही, आणि मृग तोंडावर. कौलं कुठे मिळेनात, पत्र्याला वाटेल तो भाव. ज्यांचं माणूस गावात होतं त्यांनी झापं घातली, ताडपत्री बांधली, निभावलं. ज्यांची घरं बंद होती ती तशीच राहिली. लॉकडाऊन होता, मुंबईहून यायचं कसं?

अशांपैकीच एक घर आंजर्ल्याकडच्या एका वाडीत. सातबारा सामाईक, वारस चौघे, सगळे मुंबईला. वादळात आढ्यावरचे कोने (माथ्यावरची कौलं) आणि एका पाखीची बरीच कौलं गेली. शेजाऱ्यांनी कळवलं होतं. प्रत्येकाला वाटलं, दुसरा बघेल. एक पावसाळा गेला, मग तौक्ते वादळ, मग दुसरा पावसाळा. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तो दोन वर्षं त्या घरात पडला. २०२२ च्या सुरुवातीला घर विकायला काढलं, आणि दलालाचा मला फोन आला. "बघून घ्या, पण फोटो चांगले यायला हवेत."

तात्यांचे गुडघे तोवर गेले होते, तरी ते आले. रस्त्यावरून घर झकास दिसत होतं. दार उघडलं तर माजघरात पाय ठेवताच जमीन दबली. माळ्यावर फणसाच्या पानांचा हातभर थर, खाली सगळा चिखल. पडवी आणि मुख्य घर जिथे मिळतं तिथली पन्हळ गंजून तिला भोकं पडलेली, त्यामुळे त्या पाखीचं सगळं पाणी भिंतीच्या पोटात. भिंत मातीत बांधलेली. चिऱ्यांच्या सांध्यांतली माती धुऊन चिरे नुसते एकावर एक उभे होते. ओळंबा सोडला, तर मधे भिंतीला पोट सुटलेलं. भालाचं भिंतीतलं टोक पटाशीने उकरलं तर भुसा हातात आला. दाराच्या चौकटीवरून वाळवीच्या मातीच्या रेघा थेट वाशांपर्यंत. मागे डोंगराची माती सरकून जोत्याच्या वर आलेली, म्हणजे खालूनही पाणी. आणि त्याच मागच्या भिंतीला कोणीतरी केव्हातरी सिमेंटचा गिलावा मारलेला. मातीच्या भिंतीला सिमेंट मारलं की आतली ओल बाहेर पडायची वाट बंद होते आणि ती वर चढते. हे किती लोकांना सांगायचं? मोरीवरच्या स्लॅबला बहुतेक खाडीची वाळू वापरली असावी. सळया गंजून फुगल्या होत्या, खालचं काँक्रीट सुटून पडलेलं. लोखंड गंजलं की कितीतरी पट जास्त जागा घेतं, काँक्रीट फुटणारच.

तात्या जोत्यावर बसले आणि म्हणाले, "उभं आहे ते सवयीने उभं आहे."

मी सगळं लिहून दिलं. आधी टेकू, मग छप्पर उतरवणं, पन्हळ, भाल, भिंत खोलून बांधणं, मागची माती खाली घेणं, आणि एक उन्हाळा भिंत नुसती वाळू देणं. एका वारसाने फोनवर "सुरू करा" म्हटलं, थोडी उचल पाठवली. आम्ही टेकू दिले, फर्मची पाटी लावली, किंजळीची भाल आणि चिरा आणून ठेवला. मग दलालाचा निरोप आला, काम थांबवा. दुसऱ्याने निम्म्याहून कमी सांगितलं होतं.

तो दुसरा म्हणजे तालुक्यातलाच वॉटरप्रूफिंगवाला. नाव लिहीत नाही. पूर्वी आमच्याकडूनच गळतीचे पत्ते घेऊन जायचा. त्याने काय केलं ते सांगतो. कौलं उतरवून वर रंगीत पत्रा घातला. उतरवलेली कौलं, त्यात शिक्क्याची किती असतील देव जाणे, एका रिसॉर्टच्या बारला गेली. पोपडे खरवडले, पुट्टी भरली, वर केमिकलचा कोट. भिंत ओली ती ओलीच. कुजक्या वाशांखाली पीओपीचं सिलिंग, म्हणजे वर बघायचा प्रश्न मिटला. आमचे टेकू त्याने काढलेसुद्धा नाहीत, त्यांना प्लाय मारून खांब केले! आणि मालकांना दाखवायला तोच मीटर. आधी लोण्याच्या भिंतीवर लावून काटा शेवटपर्यंत नेला, मग कोट वाळल्यावर कोटावर लावून खाली आणला. माणसं खूश.

घर पुण्याच्या एका जोडप्याने २०२३ च्या उन्हाळ्याआधी घेतलं. जुलैत सिलिंग खाली आलं. रात्रीची वेळ, खाली कोणी नव्हतं म्हणून निभावलं. दलाल काय म्हणाला? "सुरुवातीचं काम त्यांचं होतं, टेकू बघा, पाटी बघा." पाटी मागच्या पडवीत तशीच पडलेली होती. गणपतीपर्यंत ही गोष्ट दाभोळपासून केळशीपर्यंत पोचली. ठरलेली कामं सुटली. लाकूडवाल्याने उधारी थांबवली, पिकअपचा हप्ता थकला, पोरांना मजुरी द्यायला बायकोच्या पाटल्या बँकेत ठेवल्या. ज्यांची घरं आम्ही वर्षानुवर्षं कोरडी ठेवली, त्यातल्या काहींनी रस्त्यात बघून न बघितल्यासारखं केलं. मी कोण ते विसरलेलो नाही.

मुरुडच्या काकींनी मात्र बोलावून घेतलं. यांच्या घराची कौलं पहिल्या वर्षापासून आम्ही परततो, आणि दर वर्षी त्या मजुरीवरून भांडतात. ओटीवर चार माणसं बसलेली असताना मोठ्याने म्हणाल्या, "ती भाल कुठे पडलीय रे तुझी? मला हवी. गोठ्याला." गोठा होता, गुरं केव्हाच विकली होती. भालीचे पैसे त्यांनी आणल्या भावाने दिले, पडवीचं काम दिलं, वर उचल दिली आणि मग नेहमीप्रमाणे मजुरीवरून भांडल्या. त्या दिवाळीत आमच्याकडे तेवढं एकच काम होतं.

पुढचं पोस्टाच्या पावतीने केलं. मी पाहणीचा कागद त्या वारसांना रजिस्टरने पाठवला होता. तात्यांचा हट्ट, "तोंडी सांगितलेलं पावसात वाहून जातं." पुण्याच्या जोडप्याचा वकील आमच्याकडे आला तो आम्हाला नोटीस द्यायला. कागद वाचला, पावतीवरची तारीख बघितली आणि चहा घेतला. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं ५५ वं कलम त्याने मला तिथेच सांगितलं: विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या काळजीने न दिसणारा मोठा दोष लपवता येत नाही, सांगावा लागतो. सिलिंगच्या वरचं कोणाला दिसणार होतं? वारसांनी पुढे काय देऊन मिटवलं ते मला विचारायचं कारण नाही. घराचं काम आमच्याकडे आलं आणि कागदात लिहिलं होतं त्याच क्रमाने केलं. मागची माती जोत्याखाली उतरवून चर काढला, भिंत खोलून बांधली, चुन्याचा गिलावा केला, कौलं चढवली. भाल नवी आणावी लागली, आधीची काकींकडे.

घर घ्यायचं असेल तर दिवाळीनंतर बघू नका. तेव्हा कोकणातलं प्रत्येक घर कोरडं असतं. आषाढात या, झड लागलेली असताना, आणि माळ्यावर चढा. मालक नको म्हणाला तर घर घेऊ नका. नवा रंग फक्त खालच्या हातभर पट्ट्याला असेल तर तिथे का, हे विचारा. भिंतीवर प्लास्टिकचा चौकोन चारी बाजूंनी चिकटवून एक-दोन रात्री ठेवा. भिंतीकडच्या बाजूला पाणी जमलं तर ओल भिंतीतली, बाहेरच्या बाजूला जमलं तर खोलीतली दमट हवा. याला पाच रुपये लागतात. आणि सामाईक घरवाल्यांनो, चौघांपैकी कोणी एकाने तरी किल्ली गावात ठेवा.

दलालाने माफी मागितलेली नाही. वॉटरप्रूफिंगवाल्याची पाटी दापोलीत शिरताना दिसते, पूर्वीपेक्षा मोठी केली आहे. तात्या आता कामावर येत नाहीत, ओळंबा माझ्याकडे आहे.

पाहणीसाठी वर्षभर केव्हाही सांगा. कौलं परतण्याचं काम मात्र अक्षय्य तृतीयेपर्यंत नोंदवावं. १५ मे नंतर आम्ही नवीन घर घेत नाही. काकींचं घेतो, कारण त्या आधी कळवतच नाहीत.