इंग्लंडचं सहाचं जेवण आणि फोंड्याचं दहाचं

इथे इंग्लंडात संध्याकाळी सहा-साडेसहाला लोक जेवून मोकळे होतात हे ऐकलं की गोव्याहून हटकून विचारणा होते: आपणही सहाला जेवलो तर पोट उतरेल का? उतरेलच असं नाही. एक तर इथल्या सहाचा काही भरवसा नाही. स्विंडनला डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि जूनमध्ये साडेनवाला, म्हणजे तेच जेवण कधी काळोखात तर कधी भर उन्हात. गोव्यात सूर्यास्त वर्षभर साधारण सहा ते सव्वासात एवढाच हलतो. शरीराचं घड्याळ लावायला याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही.

हे घड्याळ एकच नसतं. डोळ्यांच्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या वर सुमारे २०,००० पेशींचा पुंजका आहे. ते मुख्य घड्याळ आणि ते उजेडावर चालतं. यकृत, स्वादुपिंड, चरबी यांची घड्याळं वेगळी. त्यांना जेवणाची वेळ कळते. सरे विद्यापीठातल्या २०१७ च्या प्रयोगात १० तरुणांची तिन्ही जेवणं ५ तासांनी पुढे ढकलली. झोपेची चाहूल देणारं मेलाटोनिन आपल्या वेळेवरच राहिलं, पण रक्तातल्या साखरेची लय ५.७ तासांनी मागे पडली. रात्री उशिरा जेवल्यावर नेमकं हेच अंगाशी येतं. मेलाटोनिन चढलेलं असताना स्वादुपिंड इन्सुलिन सोडायला कुचराई करतं, म्हणून सकाळच्या मानाने तोच भात रात्री साखर जास्त चढवतो.

वजनाचा हिशेब मात्र वेगळा आहे आणि गल्लत तिथेच होते. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला २०२२ मध्ये ३० जणांना चार आठवडे सकाळी भरपेट आणि चार आठवडे रात्री भरपेट, पण एकूण तेवढंच खायला दिलं. वजन दोन्हीकडे सारखंच उतरलं. सकाळी भरपेट खाल्लं तेव्हा दिवसभराची भूक मात्र कमी राहिली. लवकर जेवण्याचा वजनासाठी मुख्य फायदा इतकाच: भूक आवरते, म्हणून हात आवरतो. हात आवरला नाही तर सहाला जेवूनही काटा जागचा हलत नाही.

गोव्यात, फोंड्यासारख्या गावात, हा बेत का फसतो ते उघड आहे. दुकान एक ते चार बंद, मग आठ-साडेआठपर्यंत उघडं, घरी जेवण साडेनऊ-दहाला. अशा घरात कुणी सहाला जेवलं की दहाला सगळ्यांबरोबर पुन्हा पान मांडलं जातं. वेळ बदलत नाही, एक जेवण वाढतं. त्यावर पाचचा चहा आणि भजी-पाव आहेच.

म्हणून घड्याळातला आकडा सोडा आणि झोपेपासून उलटं मोजा: शेवटचं जड जेवण झोपेच्या तीन तास आधी. अकराला झोपणाऱ्याने आठपर्यंत. दुपारचं शीत-हुमण, म्हणजे भात आणि माशांची आमटी, तसंच ठेवा. दिवसातलं मोठं जेवण दुपारी घेण्याची आपली रीत चांगलीच आहे, ती मोडू नका. दीड वाटी शिजलेला उकडा भात, हुमण, एखादी भाजी. पाचच्या चहाबरोबरची भजी बंद. सातच्या सुमारास दुकानातच एक वाटी चवळीची किंवा मुगाची उसळ आणि अर्धी पोई, म्हणजे आपला गोव्याचा पाव. घरी आल्यावर सगळ्यांबरोबर बसा, पण पानात कुळथाचं सार किंवा पातळ पेज आणि मासळीचा एखादा तुकडा, शक्यतो तळलेला नको. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी, शंभर ग्रॅम भाताइतक्या. रवा लावून तळलेला बांगडा ते सहज पिऊन घेतो. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा हलवू नका, साखर एकदम खाली येऊ शकते.

वेर्ण्याच्या कारखान्यात, हॉटेलांत, कॅसिनोत रात्रपाळी करणाऱ्यांचं गणित निराळं. अमेरिकेतल्या २०२१ च्या प्रयोगात १९ जणांकडून रात्रपाळीसारखं जागरण करवलं. जे रात्रीही खात होते त्यांची साखर ६.४ टक्क्यांनी वाढली; फक्त दिवसा खाणाऱ्यांची वाढली नाही. तेव्हा दहा ते सहाची पाळी असेल तर आठला घरी नीट जेवून निघावं. बारा ते पाच पोटाला विश्रांती. अगदीच राहवलं नाही तर ताक किंवा उकडलेलं अंडं. शेवटचा चहा दोनला, कारण कॅफीन निम्मं व्हायलाच पाच-एक तास लागतात. सकाळी पोई-अंडं खाऊन जाड पडदे ओढून झोपावं.

जत्रेतल्या रात्रभराच्या नाटकासाठी यातलं काही पाळायची गरज नाही. वर्षातल्या दोन-चार रात्रींनी वजन वाढत नाही. फक्त दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लोळू नका, नेहमीच्या वेळेच्या आसपास उठून अर्धा तास उन्हात फिरा. मुख्य घड्याळ त्याने जागेवर येतं.

आणि परदेशातल्या मुलांनी एक करावं. आपलं जेवण उरकून सातला घरी फोन लावला की गोव्यात रात्रीचे, इथल्या उन्हाळ्यात साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेबारा वाजलेले असतात. आई-बाबा जागे राहतात, बिस्किटांचा डबा उघडतो. त्यापेक्षा इथल्या जेवणाच्या सुटीत, दुपारी एकला लावा. तिकडे साडेपाच किंवा साडेसहा झालेले असतात.