एल थ्री कुठंय?

मागच्या महिन्यात ताई चार दिवस राहायला आली होती. मी संध्याकाळी गेम खेळत बसलो होतो, ती मागे बसून बघत होती, आणि मग एकदम म्हणाली, "दे ना मला पण, बघते जमतं का." ताईने आयुष्यात कधी कंट्रोलर हातात धरलेला नाही, पण तिला गोष्टी प्रचंड आवडतात आणि त्या गेमची गोष्ट खरंच छान आहे, त्यामुळे मला इतका आनंद झाला की लगेच नवीन सेव्ह, म्हणजे पहिल्यापासून गेम, सुरू करून दिला आणि मनाशी ठरवलं की आपण मधे अजिबात बोलायचं नाही, गेम शिकवेल तिला.

पहिल्या दहा मिनिटांत अकरा वेळा गेम थांबला. मोजले मी. दर वेळी स्क्रीन काळपट व्हायची, मधोमध चौकट यायची, त्यात तीन-चार ओळी आणि खाली 'पुढे जाण्यासाठी बटण दाबा'. चालायचं कसं, वाकायचं कसं, लपायचं कसं, मग हत्यारं बदलायचं चक्र, मग नकाशा, मग वस्तू जोडून नवीन वस्तू बनवायचा मेन्यू, मग स्किल पॉइंट्स कुठे खर्च करायचे ते, आणि अजून एकही शत्रू दिसलेला नाही, खर्च करायला एकही पॉइंट मिळालेला नाही. ताई पहिल्या चार-पाच चौकट्या अगदी मन लावून वाचत होती, ओठ हलवत. नंतर डोळे नुसते वरून फिरायला लागले. आणि मग आलं, 'पळण्यासाठी एल थ्री दाबा'.

ताईने कंट्रोलर उचलून डोळ्यांसमोर धरला. वरच्या बाजूला एल वन लिहिलेलं सापडलं, त्याखाली एल टू सापडलं. एल थ्री नाही. तिने कंट्रोलर उलटा करून मागून बघितला, परत सरळ केला, मधलं मोठं पॅड दाबून बघितलं. शेवटी मला विचारलं, "एल थ्री कुठंय रे?"

डावी स्टिक, जी ती दहा मिनिटं अंगठ्याने फिरवत होती, तीच आत दाबली की एल थ्री. हे तिला कंट्रोलरवर कुठेही लिहिलेलं दिसलं नाही. स्टिक हे बटणसुद्धा असतं हे ज्याला माहीतच नाही त्याला ते बघून कधीच कळणार नाही, आणि मी इतकी वर्षं खेळतोय पण हे मला त्या क्षणापर्यंत एकदाही जाणवलं नव्हतं. ज्या माणसाने ती ओळ लिहिली त्यालाही जाणवलं नसणार. त्याच्या अंगठ्याला माहीत होतं ना.

पुढे पहिला शत्रू आला तेव्हा ताईचा कॅमेरा छताकडे होता, कारण उजव्या स्टिकने मान फिरवायची आणि डावीने पाय चालवायचे, ते पण एकाच वेळी, हे नव्या माणसासाठी सगळ्यात अवघड काम असतं, आणि त्याला गेमने दिली होती एक ओळ. एकच. वस्तू जोडायच्या मेन्यूला चार. ती तीन वेळा मेली. तिसऱ्यांदा तिने कंट्रोलर हळूच टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "नाही रे, माझं डोकं नाही चालत यात."

त्या वाक्याने मला रात्री झोप आली नाही, खरं सांगतो. कारण मला गाडी चालवायला ताईने शिकवली आहे. मोकळ्या मैदानात नेऊन पहिल्या दिवशी फक्त क्लच. इंजिन चालू, पहिला गिअर, ब्रेक-अ‍ॅक्सिलरेटरला हातसुद्धा, म्हणजे पायसुद्धा लावायचा नाही, फक्त क्लच हळूहळू सोडायचा आणि गाडी कुठे हलायला लागते ते पायाला कळेपर्यंत परत परत तेच. आरसे, इंडिकेटर, रिव्हर्स वगैरे शब्द तिने दोन दिवस तोंडातून काढले नाहीत. इतकं छान शिकवता येणारी बाई एका गेमच्या पहिल्या दहा मिनिटांत स्वतःला ढ समजायला लागली, आणि ती तसं म्हणाली तेव्हा तिला गेमवर राग आलेला नव्हता, तिने दोष सरळ स्वतःवर घेतला होता. वाईट ट्युटोरियलचं, म्हणजे गेमच्या सुरुवातीच्या शिकवणीचं, हेच मला सगळ्यात जास्त खुपतं. नवीन प्लेयरला तुलना करायला दुसरा गेमच माहीत नसतो, त्यामुळे शिकवणारा कच्चा आहे हे त्याला कळत नाही, तो म्हणतो मीच कच्चा. आणि उठून जातो. परत येत नाही.

गाडीवरून आठवलं, १९९९ चा 'ड्रायव्हर' नावाचा गेम ज्यांनी प्लेस्टेशनवर खेळलाय त्यांना ते पार्किंग गॅरेज आठवत असेलच. गोष्ट सुरूच व्हायची नाही, आधी बंद गॅरेजमध्ये परीक्षा. स्लॅलम म्हणजे नागमोडी गाडी काढणं, एकशेऐंशी अंशात वळण, रिव्हर्समधून एकशेऐंशी, हँडब्रेक वगैरे सगळी यादी ६० सेकंदांत करून दाखवायची, आणि आजूबाजूला खांब. शिकवणं त्यात नव्हतंच, यादी होती आणि घड्याळ होतं. म्हणजे गेमचा सगळ्यात चिवट दरवाजा अगदी पहिला, जिथे प्लेयरला सगळ्यात कमी येतं तिथेच. कितीतरी जणांचा तो गेम त्या गॅरेजच्या बाहेर कधी पडलाच नाही.

आता उलट बाजूचं उदाहरण, माझं फार आवडतं. 'हाफ-लाइफ २', २००४ चा. सुरुवातीला तुम्ही रेल्वे स्टेशनवर उतरता, सगळीकडे मुखवटेवाले पोलीस, आणि वाटेत एक पोलीस मुद्दाम एक रिकामा कॅन जमिनीवर पाडतो आणि सांगतो, उचल आणि कचरापेटीत टाक. बस. वस्तू उचलायची कशी आणि टाकायची कशी हे शिकायला एवढंच. पण त्या दहा सेकंदांत तुम्हाला हे पण कळलेलं असतं की या शहरात कोण कुणाला काय करायला लावू शकतं, आणि तुमच्या आत एक ठिणगी पडते, कारण तो कॅन तुम्ही त्याच्या तोंडावरही फेकू शकता आणि मग तो दंडुका घेऊन मागे लागतो. चौकट नाही, गेम थांबणं नाही. बटण शिकलात, जग कळलं, आणि राग पण आला, तिन्ही एकाच कॅनमध्ये. मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा हे ट्युटोरियल आहे हे मला समजलंच नव्हतं.

१९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'च्या पहिल्या लेव्हलबद्दल तर सगळेच लिहितात, पहिला शत्रू गूम्बा आणि मश्रूम वगैरे, ते बरोबरच आहे, पण मला त्यातली एक साधीशी जागा आवडते. दोन जिने समोरासमोर, मधे सपाट जमीन. उडी चुकली तर काही होत नाही, परत चढा. थोडं पुढे गेलं की परत तसेच दोन जिने, आणि आता मधे खड्डा. पहिली उडी सरावाची होती हे कुणी सांगत नाही, पण तोवर हाताला अंतर कळलेलं असतं. ताईचा क्लच आणि हे, मला तर एकच वाटतं.

'प्लांट्स व्हर्सेस झॉम्बीज' (२००९) पण बघा. पहिल्या लेव्हलला अंगणात गवताची एकच पट्टी, लावायला एकच झाड. नंतर पट्ट्या वाढतात, सूर्यफूल येतं, मग बाकीचं. त्याचे डिझायनर जॉर्ज फॅन यांनी २०१२ मध्ये गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये भाषण दिलं होतं, विषयच हा की मी माझ्या आईला हा अख्खा गेम कसा खेळायला लावला, आणि त्यातला एक नियम असा की एका वेळी स्क्रीनवर जास्तीत जास्त आठ शब्द. आठ! ताईसमोरच्या एकेका चौकटीत चाळीस तरी असतील.

बरं, शिकवूच नका असं माझं अजिबात म्हणणं नाही. २०१२ मध्येच वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी तीन वेगवेगळ्या गेमवर ४५,००० पेक्षा जास्त प्लेयर्सचा अभ्यास केला होता, काहींना ट्युटोरियल दिलं, काहींना नाही. त्यातला सगळ्यात गुंतागुंतीचा गेम होता 'फोल्डइट', प्रोटीनच्या घड्या घालायचा, त्यात ट्युटोरियलमुळे लोक २९ टक्क्यांपर्यंत जास्त वेळ खेळले. बाकीच्या दोन सोप्या गेममध्ये मात्र म्हणावा असा फरक पडला नाही. म्हणजे जो गेम खेळता खेळता कळतो त्यात चौकट्या घालायला लागलेली मेहनत बहुतेक वाया, आणि जो अवघड आहे त्याला मात्र नीट शिकवलंच पाहिजे. 'क्रुसेडर किंग्ज ३' (२०२०) भयंकर गुंतागुंतीचा आहे, पण त्यात कुठल्याही ठळक केलेल्या शब्दावर माऊस नेला की अर्थ दिसतो, त्या अर्थातल्या शब्दावर नेला की त्याचाही अर्थ, असं आत आत जाता येतं. प्लेयरला अडलं, त्याने विचारलं, उत्तर मिळालं. विचारायच्या आधी कुणी कानाशी ओरडलं नाही.

आणि एकदा सांगून झाल्यावर परत परत सांगणं, त्यानेही माणूस वैतागतो. 'झेल्डा: स्कायवर्ड स्वोर्ड' (२०११) इतका सुंदर गेम, पण गेम बंद करून परत चालू केला की तोच किडा, तोच दगड उचलला तरी परत चौकट, हे अमुक आहे, याचा उपयोग तमुक. वीस तास खेळून झालेल्या माणसाला. २०२१ मध्ये नवीन आवृत्ती आली तेव्हा हे काढलं, म्हणजे करता येत होतंच.

याच्या बरोबर उलटा त्रास मला स्वतःला झालाय. एक मोठा गेम मी चाळीसेक तास खेळलो, मग कामामुळे दोन-अडीच महिने हातच लावला नाही, आणि परत उघडला तर मी एका बॉसच्या, म्हणजे मोठ्या शत्रूच्या, ऐन समोर उभा. ढाल कुठल्या बटणावर, उलटा वार कसा करायचा, काही म्हणजे काही आठवेना. मेन्यूत शोधलं तर कंट्रोलरचं एक चित्र आणि त्यावर वीस बाण, बास. सुरुवातीला तासभर जे शिकवलं होतं ते परत बघायची सोयच नव्हती, नवीन गेम सुरू केला तरच. मी तो गेम पूर्ण केला नाही. अजून वाईट वाटतं, त्यातली दोन पात्रं मला खरंच जवळची झाली होती. एक छोटी सराव-खोली ठेवली असती कुठेतरी तर मी आनंदाने जाऊन अर्धा तास घाम गाळला असता.

मोबाईलवरच्या फुकट गेमचं तर वेगळंच. तिथे अख्खी स्क्रीन काळी, एकच बटण उजळलेलं, आणि त्यावर एक बोट नाचत असतं, इथे टॅप करा, आता इथे, आता इथे. दुसरीकडे टॅप केलं तर काहीच होत नाही. पाच मिनिटांनी विचारा काय शिकलात, काही नाही, कारण ठरवलं काहीच नाही, बोटाच्या मागे बोट नेलं. त्यात मला चीड कशाची येते, तर इमारत बांधायला वेळ लागतोय म्हटल्यावर ते बोट हिऱ्यांच्या, म्हणजे पुढे खरे पैसे देऊन घ्यायच्या गेममधल्या चलनाच्या, बटणावर जातं, 'लगेच पूर्ण करा', हिरे त्यांनीच दिलेले असतात त्यामुळे काही वाटत नाही, पण थांबावं लागलं की हिरे खर्चायचे ही सवय पहिल्या पाच मिनिटांतच लावून दिलेली असते. लहान मुलं खेळतात हे.

अजून एक गोष्ट फारशी कुणी बोलत नाही. स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात गेम परत करायचा तर विकत घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असला पाहिजे. ज्या गेमचं ट्युटोरियलच दीड तास चालतं त्यात खरा गेम आपल्याला आवडतोय का हे ठरवायला उरला अर्धा तास. आणि ते स्किप करावं तर पुढे अडतं.

तर ताई. चौथ्या दिवशी, जायच्या आदल्या रात्री, मीच तिच्या मागे लागलो की अजून एकदा बस, दुसरा गेम, वीस मिनिटं, नाही आवडलं तर परत कधी नाव काढणार नाही. 'पोर्टल' लावला, २००७ चा. त्यात सुरुवातीला हातात बंदूक नसते, शत्रू नसतात, मरायचीही घाई नसते, तुम्ही एका काचेच्या खोलीत जागे होता आणि थोडा वेळ करायला फक्त चालणं आणि मान फिरवणं असतं. ताई त्या छोट्याशा खोलीत गोल गोल फिरली, भिंतींवर आपटली, छताकडे बघितलं, जमिनीकडे बघितलं, रेडिओ उचलला, पाडला, परत उचलला. मी गप्प. थोड्याच वेळात तिचे दोन्ही अंगठे एकत्र चालायला लागले होते, तिला ते कळलंही नसावं.

मग खोलीतलं उलटं मोजणारं घड्याळ संपलं आणि भिंतीत पोर्टल उघडलं, एका जागेतून थेट दुसऱ्या जागी निघणारं दार. ताई त्याच्यासमोर जाऊन थांबली. दारातून पलीकडे एक काचेची खोली दिसत होती आणि त्यात एक बाई उभी होती. ताईने स्टिक जराशी डावीकडे ढकलली, ती बाई पण हलली. उजवीकडे नेली, परत हलली.

"अरे," ताई पुढे सरकून बसली, "ही मीच आहे का?"